सापाचे पाय गेले, पण 'पायांची जनुकं' गेली नाहीत

अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंचा हा प्रश्न आहे. वर्गात एका मुलानं त्यांना विचारलं, "सापाला पाय नाहीत, म्हणजे त्याची पायांची जनुकं नष्ट झाली का?" त्यांनी "हो, साधारण तसंच" असं सांगितलं आणि घरी गेल्यावर त्यांनाच ते पटेना. माणूस आणि चिंपांझी यांची जनुकं जवळजवळ सारखी असतात, हेही त्याच मुलांना शिकवायचं असतं. जनुकं सारखी असतील तर शरीरं इतकी वेगळी कशी? 'जनुकांचं नियमन बदलतं' असं पुस्तकं एका वाक्यात उरकतात, त्याचा नेमका अर्थ काय? आणि एका बदलानं अख्खा अवयव जात असेल, तर उत्क्रांती हळूहळू होते असं मुलांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

बाई, तुम्हाला पटलं नाही हे बरोबरच झालं. पंख आणि पाय कसे घडतात हे पाहायला मी गेली एकवीस वर्षं कोंबडीच्या भ्रूणांवर काम करते आहे. हीच गाठ मला स्वतःला सुटायला बरीच वर्षं लागली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खरी अडचण सापात नाही, 'पायाचं जनुक' या शब्दांत आहे. तसं जनुक नसतंच. पाय घडवायला जी जनुकं लागतात, तीच मेंदू, मणके, फुप्फुसं, दात आणि आतडी घडवायलाही लागतात. सॉनिक हेजहॉग या जनुकाचंच उदाहरण घ्या. भ्रूणाच्या कुशीला पायाचा अंकुर फुटतो, तेव्हा त्याच्या मागच्या कडेला हे जनुक चालू होतं, आणि करंगळीची बाजू कुठली, अंगठ्याची कुठली हे त्यावरून ठरतं. पण त्याच्या आधीपासून ते मेंदूच्या पुढच्या भागात आणि मज्जारज्जूखालीही काम करत असतं. सापाला मेंदू हवा, मज्जारज्जू तर भला लांबलचक हवा. त्यामुळे नाग असो, घोणस असो की अजगर, सॉनिक हेजहॉग प्रत्येकात शाबूत आहे. ते हरवलं असतं तर बिनपायांचा साप झालाच नसता, अंड्यातून जिवंत काही बाहेरच आलं नसतं.

हे अंदाजानं सांगत नाही. १९९६ मध्ये उंदरांतून हे जनुक काढून टाकण्यात आलं. त्या पिलांच्या मेंदूचा पुढचा भाग दोन अर्धांत विभागलाच नाही, चेहऱ्याच्या मधोमध एकच डोळा तयार झाला आणि पिलं जन्मापलीकडे जगली नाहीत. पुढे २००५ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी जनुकाला हातही न लावता, त्याच्यापासून खूप दूर असलेला डीएनएचा एक छोटा तुकडा उंदरांतून काढला. त्या पिलांचा चेहरा ठीक होता, मेंदू ठीक होता, फक्त चारही पाय खुंटलेले होते. वर्गात फळ्याचे दोन भाग करून हे दोन उंदीर शेजारी शेजारी काढा. जनुक गेलं तर काय होतं आणि जनुकाचा स्विच गेला तर काय होतं, हे मुलांना यापेक्षा स्पष्ट दुसऱ्या कशानं दिसेल असं मला वाटत नाही.

त्या छोट्या तुकड्याचं नाव झेडआरएस. लांबी जेमतेम आठशे अक्षरं (डीएनएच्या साखळीतला एकेक घटक म्हणजे एक अक्षर). त्यातून कोणतंही प्रथिन बनत नाही. माणसात तो सॉनिक हेजहॉगपासून सुमारे दहा लाख अक्षरं लांब, चक्क दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात बसलेला आहे. पायाच्या अंकुरातल्या विशिष्ट पेशींमध्ये काही प्रथिनं त्याला येऊन चिकटतात, मधला डीएनए वळसा घेतो, तुकडा जनुकाजवळ येतो आणि जनुक चालू होतं. प्रयोगशाळेत आम्ही अशा तुकड्याला एन्हान्सर म्हणतो, तुम्ही वर्गात बिनदिक्कत 'स्विच' म्हणा. मेंदूसाठीचा स्विच वेगळा, आतड्यासाठीचा वेगळा, पायासाठीचा वेगळा. इमारतीच्या गच्चीवर टाकी एकच असते, पण प्रत्येक मजल्याच्या लाईनला आपला व्हॉल्व्ह असतो. तिसऱ्या मजल्याचा व्हॉल्व्ह बंद केला म्हणून चौथ्या मजल्यावरचं पाणी जात नाही. टाकीच फोडली तर मात्र सगळ्यांचंच जातं.

याच झेडआरएसमध्ये एखादं अक्षर बदललं तर उलटाही प्रकार होतो. अंकुराच्या पुढच्या कडेलाही जनुक चालू होतं आणि अंगठ्याच्या बाजूला जादा बोट येतं. माणसांच्या काही कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं असं बोट आणि काही मांजरांच्या पंजाला असणारी जादा बोटं ही या एका अक्षराची करामत आहे. (सहाव्या बोटाची इतरही कारणं असतात. वर्गात कुणाला सहावं बोट असेल तर त्याच्याकडे पाहून 'झेडआरएस' म्हणू नका.)

आता साप. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या गटानं उंदरातला झेडआरएस काढून त्या जागी दुसऱ्या प्राण्यांचा घालून पाहिला. माणसाचा घातला, पाय नीट आले. माशाचा घातला, तरी नीट आले. माशाला पाय नसतात, पण पर असतात आणि परांनाही हाच स्विच लागतो. मग अजगराच्या जातीचा आणि नागाच्या जातीचा घातला, तर पाय खुंटले. सापांच्या झेडआरएसमध्ये १७ अक्षरांचा एक तुकडा गळालेला आहे. तेवढी अक्षरं अजगराच्या स्विचमध्ये परत घालून तो उंदरात बसवला, तर पाय पुन्हा पूर्ण आले.

इथे एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी, ती न सांगता पुढे गेले तर तुमची फसवणूक होईल. स्विच बिघडला म्हणून पाय गेले, की पाय आधीच दुसऱ्या कारणानं निरुपयोगी झाले आणि मग त्या स्विचची निगराणी सुटून तो झिजत गेला? नैसर्गिक निवडीचा दाब उठला की न वापरल्या जाणाऱ्या डीएनएमध्ये चुका साचत जातात. अजगराच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना नखीसारखे छोटे काटे असतात, मागच्या पायांचे ते अवशेष आहेत. अजगराच्या भ्रूणात मागच्या पायाचा अंकुर फुटतो, सॉनिक हेजहॉग थोडा वेळ चालूही होतं आणि मग विझतं. अर्जेंटिनात सापडलेल्या नजाश नावाच्या सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीच्या सापाला मागचे पाय होते. पाय टप्प्याटप्प्यानं गेले हे यावरून दिसतं. या स्विचचा बिघाड त्या कहाणीच्या सुरुवातीला झाला की शेवटी, हे उंदरांवरच्या प्रयोगातून ठरत नाही.

कारण आणि परिणाम यांचा असा घोळ नको असेल, तर वर्गात स्टिकलबॅक मासा घ्या. मी तरी तोच घेते. हा बोटाएवढा मासा आहे, पाठीवर तीन काटे आणि पोटाखाली दोन. पोटाखालचे काटे म्हणजे मागचे पर, आपल्या पायांचे भाऊबंद. उत्तरेकडच्या समुद्रात हा मासा राहतो. शेवटचं हिमयुग सरलं तेव्हा, दहा-बारा हजार वर्षांपूर्वी, बर्फ वितळून तयार झालेल्या तळ्यांत त्याच्या काही टोळ्या अडकल्या. त्यांपैकी अनेक तळ्यांत पोटाखालचे काटे नाहीसे झाले. दहा हजार वर्षं म्हणजे आमच्या हिशेबात कालची गोष्ट. समुद्रातला मासा अजूनही आहे, त्याचा तळ्यातल्या माशाशी संकर होतो, त्यामुळे दोष नेमका कुठे आहे ते शोधून काढता येतं.

स्टॅनफर्डमधल्या डेव्हिड किंग्सली यांच्या गटानं तेच केलं. शोध पिटएक्स-१ या जनुकापाशी येऊन थांबला. मागचे पाय घडवणारं हे जनुक जबड्यात आणि मेंदूखालच्या पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीतही काम करतं. उंदरातून ते काढलं तर मागचे पाय तर बिघडतातच, पण जबडाही आखूड होतो आणि पिलं जगत नाहीत. तळ्यातल्या माशात या जनुकाचं प्रथिन समुद्रातल्या माशासारखंच निघालं. फरक एवढाच की भ्रूणात पोटाखाली जिथे ते चालू व्हायला हवं तिथे ते चालू होत नव्हतं. बाकी ठिकाणी व्यवस्थित होत होतं. २०१० मध्ये त्यांना तो स्विचही सापडला. काटे नसलेल्या बहुतेक टोळ्यांमध्ये त्या जागचा डीएनएचा तुकडा गळालेला होता, प्रत्येक टोळीत कमी-जास्त लांबीचा. म्हणजे वेगवेगळ्या तळ्यांत तो स्वतंत्रपणे गळाला होता. शेवटी त्यांनी समुद्रातल्या माशाचा स्विच पिटएक्स-१ ला जोडून अलास्कातल्या एका तळ्यातल्या, काटे नसलेल्या माशांच्या अंड्यांत टाकला. त्या माशांना पोटाखाली काटे आले.

एक बारकावा मला फार आवडतो. काट्यांचा थोडा अवशेष उरलेल्या माशांत तो बहुधा डाव्या बाजूला जास्त असतो. पिटएक्स-१ नसलेल्या उंदरातही उजवा मागचा पाय डाव्यापेक्षा अधिक खुंटतो. याचं कारण पिटएक्स-२ हे भावंड-जनुक. ते शरीराच्या डाव्या बाजूला चालू असतं आणि भावाची उणीव थोडीशी भरून काढतं. मासा आणि उंदीर यांच्यात इतकं अंतर, तरी खूण तीच. एखादा अवयव कोणत्या जनुकाच्या वाटेनं गेला, याचा असा पुरावा क्वचितच हाती लागतो.

इथवरचं थोडक्यात सांगते. एकच जनुक शरीरात अनेक ठिकाणी राबतं. प्रथिन बदललं तर सगळीकडे परिणाम होतो आणि असा बदल बहुधा टिकत नाही. एका ठिकाणचा स्विच बदलला तर तेवढीच जागा बदलते, बाकीचं शरीर चालू राहतं. म्हणून आकारात आणि अवयवांत झालेले बदल शोधत गेलं की आम्ही पुन्हा पुन्हा स्विचपाशी येऊन पोहोचतो.

आता माझ्या टेबलावरचं. ब्रह्मा जातीच्या कोंबड्या तुम्ही पाहिल्या असतील, त्यांच्या पायांवर थेट बोटांपर्यंत पिसं असतात. लक्का कबुतरांच्या पायांवरही पाहिली असतील. पक्ष्याच्या पायावर एरवी खवले असतात, पिसं पंखावर. सांगलीकडच्या एका हौशी माणसाकडून मी ब्रह्माची फलित अंडी आणली, ३८ अंशांवर उबवली आणि चौथ्या दिवशी उघडली. त्या वयाचं भ्रूण नखाएवढं असतं, पिवळ्या बलकावर पडलेलं, मधोमध लाल ठिपका धडधडत असतो. कुशीला चार पांढुरके फुगवटे दिसतात, दोन पंखांचे, दोन पायांचे. भ्रूणं काढून, रंगवून, कोणतं जनुक कुठे चालू आहे ते पाहायला तीन दिवस लागतात. जिथे जनुक चालू तिथे जांभळा रंग चढतो. टीबीएक्स-५ हे पंखाचं जनुक (म्हणजे पंखाच्या अंकुरात चालू होणारं, पुन्हा तीच चुकीची भाषा तोंडी येते बघा). साध्या कोंबडीत त्याचा जांभळा डाग पंखाच्या अंकुरावर असतो आणि पायाचा अंकुर कोरा राहतो. पहिल्या खेपेला मी भ्रूणं रंगात जास्त वेळ ठेवली आणि सगळंच जांभळट झालं, काही कळेना. दुसऱ्या खेपेला दर दहा मिनिटांनी पाहत राहिले. ब्रह्माच्या पायाच्या अंकुरावर फिकट पण निश्चित जांभळी छटा होती. साध्या कोंबडीच्या अंकुरावर तेवढ्याच वेळात काहीही नव्हतं. पायात थोडासा पंख जागा झालेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

हे अनपेक्षित नव्हतं. १९९९ मध्येच कोंबडीच्या पायाच्या अंकुरात टीबीएक्स-५ जबरदस्तीनं चालू करून पायाला पंखासारखं वळण देता येतं, हे दाखवून झालं होतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या गटानं पायांवर पिसं असलेल्या कबुतरांत दोन गोष्टी दाखवल्या. पायाच्या अंकुरात टीबीएक्स-५ चालू झालेलं असतं आणि पिटएक्स-१ मंदावलेलं असतं. पुढे कोंबड्यांतही तीच दोन जनुकं निघाली. तिथे पिटएक्स-१ पासून दूर सुमारे १७.७ हजार अक्षरांचा एक तुकडा गळालेला आहे. माशाचे काटे घालवणारं आणि कोंबडीच्या पायावर पिसं आणणारं जनुक एकच, आणि दोन्हीकडे प्रथिन शाबूत.

पण दोष स्विचमध्येच आहे हे ठरवायचं कसं? पायात एखादं जनुक मंद चालतंय, याचं कारण त्याच्या शेजारचा स्विच असू शकतो, किंवा तो स्विच चालवणारं कुठलं तरी दूरचं प्रथिन असू शकतं. यासाठी एक सुंदर युक्ती आहे. पायांवर पिसं असलेल्या पक्ष्याचा साध्या पक्ष्याशी संकर करायचा. पिलात त्या जनुकाच्या दोन प्रती येतात, एक आईकडची, एक बापाकडची. दोन्ही एकाच पेशीत असतात, त्यांच्या भोवतीची प्रथिनं तीच असतात. आता कोणत्या प्रतीपासून किती आरएनए (जनुक चालू झालं की निघणारी त्याची नक्कल) बनला ते वेगवेगळं मोजायचं. दोन्हींचा सारखा असेल तर दोष दूरचा. एकीचा कमी आणि दुसरीचा जास्त असेल तर दोष त्या प्रतीला जोडलेल्या डीएनएतच आहे, कारण बाकी सगळं समान आहे. कबुतरांत दोन्ही जनुकांच्या बाबतीत फरक निघाला. कुणीही 'नियमन बदललं' म्हणालं की मी आधी हा संकर केला का ते विचारते.

आता दुसरी बाजू. सगळं नियमनातच असतं, असं वर्गात सांगू नका. त्यावर आमच्यात बरेच वाद झाले आहेत, आणि उत्तर कोणता गुण पाहताय त्यावर अवलंबून आहे. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर येणारा पट्टकदंब हंस हिमालय ओलांडून येतो. विरळ हवेतला ऑक्सिजन पकडायची त्याच्या हिमोग्लोबिनची ताकद जास्त आहे, आणि याचं मुख्य कारण म्हणजे त्या प्रथिनातलं एक अमिनो आम्लच (प्रथिनाच्या साखळीतला एक दुवा) बदललेलं आहे. इथे प्रथिन बदललं तरी चालतं, कारण हिमोग्लोबिनला रक्तात ऑक्सिजन वाहण्याचं एकच मोठं काम आहे. जनुकाला कामं जितकी जास्त, तितकं त्याचं प्रथिन बदलणं महागात पडतं आणि तितकं ओझं स्विचवर येतं. आम्ही अंदाज बांधतो तो साधारण या धोरणानं.

हळूहळू की एकदम, हा तुमचा प्रश्नही रास्त आहे. माशातला तुकडा एकाच वेळी गळतो, हे खरं. डीएनएची ती जागा मुळातच ठिसूळ आहे, सहज तुटते, हे २०१९ मध्ये समजलं. पण उलट उदाहरणंही आहेत. फळमाशीच्या अळीच्या पाठीवर बारीक लव असते, तिच्या एका भाईबंद जातीत ती बरीचशी गेली आहे. तिथे शेव्हनबेबी नावाच्या जनुकाच्या स्विचमध्ये अनेक अक्षरं बदललेली सापडली, प्रत्येकाचा परिणाम थोडा थोडा. स्विच म्हटलं की दिव्याचं बटण डोळ्यांसमोर येतं, चालू किंवा बंद. प्रत्यक्षात ते पंख्याच्या रेग्युलेटरसारखंही फिरतं, आणि उशिरा चालू होणं, लवकर बंद होणं, कडेला थोडं पसरणं हेही त्यात येतं.

मुलांच्या स्वतःच्या शरीरातलं उदाहरण हवं असेल तर दूध आहे. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज बाळपणी सगळ्यांच्या आतड्यात बनतं, पुढे बहुतेक माणसांत ते बंद होत जातं. काहींमध्ये मोठेपणीही चालूच राहतं. २००२ मध्ये फिनलंडमध्ये यामागचा बदल सापडला, तो लॅक्टेजच्या जनुकापासून १३,९१० अक्षरं आधी, शेजारच्या जनुकाच्या आत आहे. भारतातही तोच बदल आहे, वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी. पेलाभर दुधानं पोटात गुडगुडणारा आणि ताक मात्र सुखानं पिणारा विद्यार्थी तुमच्या वर्गात नक्की असेल. त्याचं लॅक्टेजचं जनुक धडधाकट आहे, ठरल्या वयात बंद झालंय इतकंच. पूर्व आफ्रिकेतल्या गुराख्यांत हाच गुण जवळच्याच पण वेगळ्या अक्षरांतल्या बदलांमुळे आला.

चिंपांझीचं आता कोडं राहत नाही. मेरी-क्लेअर किंग आणि ॲलन विल्सन यांनी १९७५ मध्येच लिहिलं होतं की दोघांची प्रथिनं इतकी सारखी आहेत, की शरीरातला फरक मुख्यतः नियमनात असावा. तेव्हा डीएनए वाचायची सोयही नव्हती. आज दोघांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचून झालेत. एकास एक जुळवलेल्या भागात सुमारे १.२ टक्के अक्षरं वेगळी आहेत, म्हणजे साडेतीन कोटी जागा. प्रथिनं लिहिणारा भाग जीनोमच्या दोन टक्क्यांहून कमी आहे, त्यामुळे यातल्या बहुसंख्य जागा प्रथिनांच्या बाहेर पडतात. त्यातल्या पुष्कळशा निरुपद्रवी आहेत. आपल्या अंगठ्याला, कमरेला, मेंदूला वळण देणाऱ्या नेमक्या कोणत्या, ते एकेक करून शोधणं चालू आहे. माणसावर मासा-कोंबडीसारखे प्रयोग करता येत नाहीत, म्हणून ते सावकाश होतं.

तुमच्या त्या विद्यार्थ्यानं पुढे असंही विचारलं होतं म्हणे, की ती १७ अक्षरं सापात परत घातली तर त्याला पाय फुटतील का? त्याला सांगा, फुटणार नाहीत. प्रयोगात पाय आले ते उंदराला. उंदराकडे पायाचं बाकी सगळं सामान तयार होतं: अंकुर फुटण्याची जागा, खांदा आणि कंबर, स्नायू तिथवर नेणाऱ्या वाटा, बोटं वेगळी करणारे इतर स्विच. नागाच्या भ्रूणात अंकुरच फुटत नाही, मग त्यात चालू व्हायचा स्विच दुरुस्त करून चालू होणार कुठे? अजगरात मागच्या बाजूला अंकुर फुटतो, तिथे प्रश्न अधिक अवघड आहे, आणि मुलाला खरंच रस असेल तर त्याला सर्पोद्यानात नेऊन अजगराच्या त्या दोन नख्या आधी दाखवा.